ठासणीची बंदूक आणि सत्तावीस शब्द

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी एन-४०० नावाचा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, किती दिवस देशाबाहेर होतात, सगळं विचारून झालं की शेवटाकडे एक प्रश्न येतो: कायद्याने गरज पडली तर अमेरिकेच्या वतीने ‘बेअर आर्म्स’ करायची, म्हणजे शस्त्र धरायची, तुमची तयारी आहे का? हो किंवा नाही, एकावर खूण करायची.

मी मूळची सावंतवाडीची. विळीपलीकडे कुठलंही शस्त्र मी आजवर हाती धरलेलं नाही. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, त्याच्या फॉर्मावर ‘हो’वर टिचकी मारली आणि पुढच्या पानावर गेला. मी मात्र तिथेच अडकले. त्याच आठवड्यात माझी मुलगी रेवा, वय बारा, माझी तोंडी परीक्षेची तयारी करून घेत होती. मी पोळ्या लाटायच्या आणि तिने शंभर प्रश्नांच्या यादीतले प्रश्न विचारायचे. “अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकाला असलेले दोन हक्क सांग.” यादीत सहा उत्तरं दिलेली होती. भाषणाचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य वगैरे, आणि सगळ्यात शेवटी ‘द राइट टू बेअर आर्म्स’. म्हणजे यादीत जो हक्क, तेच फॉर्मात कर्तव्य, आणि शब्द मात्र तेच दोन. मी लाटणं खाली ठेवलं. रेवा म्हणाली, “आई, पोळी जळतेय.”

इकडे राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “तिकडे रोज गोळीबार होतात, ते लोक बंदुका बंद का करत नाहीत?” पंधरा वर्षं मी या प्रश्नाला “अहो, त्यांच्या घटनेतच आहे ते” असं उत्तर देऊन मोकळी होत आले. ते खरं आहे, पण अर्धंच. घटनेत काय आहे यावरच तर सगळं भांडण आहे, आणि ते भांडण मला नीट कळायला आमचे अप्पा इकडे यावे लागले.

अप्पा म्हणजे माझे वडील. कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतल्या आणि हुकुमांतल्या चुका काढल्यामुळे त्यांची नजर अशी झालीय की लग्नपत्रिका हातात आली तरी आधी विरामचिन्हं बघतात. आम्ही राहतो उत्तर व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या शेजारी. अप्पांना काहीतरी जुनं दाखवावं म्हणून त्यांना विल्यम्सबर्गला नेलं. अठराव्या शतकातलं व्हर्जिनियाच्या राजधानीचं हे गाव जसंच्या तसं उभं करून ठेवलंय. कोटटोप्या घातलेली माणसं, घोडागाड्या, लोहाराचा भाता. गावाच्या मधोमध विटांचं अष्टकोनी दारूकोठार आहे, १७१५ सालचं.

तिथे एका बाप्याने मस्केट भरून दाखवली. कागदाची पुडी दातांनी फाडली, चिमूटभर दारू बाजूच्या वाटीत टाकली, उरलेली नळीत ओतली, वर गोळी आणि कागद, मग गज काढून ठासलं. घोडा मागे ओढला. चाप. आधी भस्सकन धूर आणि क्षणभराने आवाज. लहान मुलांनी कान झाकले. अप्पा मात्र पुढे सरकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “अगो, ही तर आमच्या दाजींची ठासणीची! फकत केपेच्या जागेर चकमक आसा.”

दाजी म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ. रानडुकरं आणि माकडांपासून शेती राखायला त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची आणि आचारसंहिता उठली की परत आणायची. भात नेमकं पोटरीत आलेलं असताना निवडणूक लागली तर दाजी उमेदवारांपेक्षा डुकरांचीच जास्त चर्चा करतात.

विल्यम्सबर्गच्या त्या बाप्याने सांगितलेली गोष्ट अशी. १७७५ च्या एप्रिलमध्ये, २१ तारखेच्या पहाटे, इंग्रज गव्हर्नर डनमोर याने खलाशी पाठवून याच कोठारातली दारूची पंधरा अर्धी पिंपं गुपचूप जहाजावर हलवली. गाव खवळलं. पॅट्रिक हेन्री हा तिथला पुढारी आसपासच्या शेतकऱ्यांची फौज घेऊन चालून आला आणि शेवटी गव्हर्नरला दारूचे पैसे मोजावे लागले. त्याच्या दोनच दिवस आधी वर मॅसॅच्युसेट्समध्ये, लेक्झिंग्टन आणि काँकर्डला, लोकांनी साठवलेला दारूगोळा जप्त करायला निघालेल्या इंग्रजी पलटणीवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. म्हणजे अमेरिकेच्या क्रांतीची ठिणगी चहावरच्या कराने पडली असेल, पण आग लागली ती हत्यारं काढून घेण्यावरून. सरकार आधी तुमची बंदूक नेतं आणि मग बाकीचं सगळं, ही भीती या मातीत तेव्हापासून आहे. हे त्या कोठारासमोर उभं राहिल्यावर जसं कळतं तसं टीव्हीवरची चर्चा ऐकून कळत नाही.

घरी आल्यावर अप्पांनी मूळ मजकूर मागितला. अमेरिकन घटनेची दुसरी दुरुस्ती, १७९१ साली मंजूर झालेली, इंग्रजीत सगळे मिळून सत्तावीस शब्द. अप्पांनी मागच्या एका बिलाच्या पाठीवर तिचं मराठी केलं: ‘स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियंत्रित लोकसेना आवश्यक असल्याने, शस्त्रे बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा आणली जाणार नाही.’ मग पेन तोंडात धरून इंग्रजी प्रतीकडे बघत बसले. “मगे ह्यो स्वल्पविराम हयसर कित्याक?”

हसू नका. या स्वल्पविरामांवरून खरोखरच कज्जे लढले गेलेत. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मंजूर केलेल्या प्रतीत तीन स्वल्पविराम आहेत, राज्यांकडे गेलेल्या काही प्रतींत एकच. खरा पेच मात्र वाक्याच्या बांधणीत आहे. पहिला अर्धा भाग लोकसेनेबद्दल, दुसरा लोकांच्या हक्काबद्दल. एक पक्ष म्हणतो, हक्क आहे तो लोकसेनेपुरता. तेव्हा खडी फौज नको होती, प्रत्येक राज्याची शेतकऱ्या-कारागिरांची सेना होती, ती केंद्र सरकारने मोडू नये म्हणून हे कलम. दुसरा पक्ष म्हणतो, लोकसेना हे फक्त कारण झालं; हक्क लोकांचा आहे, एकेका माणसाचा.

पहिला अर्थ किती काळ चालला? १९३९ साली मिलर नावाच्या एका दरोडेखोराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्याकडे नळी कापून आखूड केलेली शॉटगन सापडली होती आणि १९३४ च्या कायद्याने असल्या हत्यारांवर २०० डॉलर कर होता. न्यायालयाने विचारलं, या बंदुकीचा लोकसेनेच्या कामाशी काय संबंध? आणि निकाल सरकारच्या बाजूने दिला. मिलरच्या बाजूने वकीलच उभा राहिला नव्हता, आणि निकाल लागला तोवर मिलरचा कुणीतरी गोळ्या घालून मुडदा पाडलेला होता. पुढची जवळजवळ सत्तर वर्षं खालची न्यायालयं या एकतर्फी निकालावर चालली. वॉरन बर्गर हे निवृत्त सरन्यायाधीश, रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले; तेसुद्धा १९९१ मध्ये टीव्हीवर म्हणाले होते की दुसऱ्या दुरुस्तीचा वैयक्तिक हक्क म्हणून जो प्रचार चाललाय ती लोकांची मोठी फसवणूक आहे.

मग २००८ चा हेलर खटला आला. न्यायालय आमच्या घरापासून मेट्रोने तासाभरावर, म्हणून असेल, मला हा खटला घरातला वाटतो. डिक हेलर हा वॉशिंग्टन शहरातला सुरक्षारक्षक. केंद्रीय न्यायसंस्थेच्या इमारतीवर पहारा द्यायचा, कमरेला पिस्तूल. ड्युटी संपली की पिस्तूल जमा करून घरी जायचं, कारण १९७६ पासून शहरात नागरिकांना घरी हँडगन ठेवायला बंदी होती. सरकारच्या राखणीला मी चालतो, माझ्या घराच्या राखणीला का चालत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. खटल्यामागे पैसा आणि डोकं लावलं रॉबर्ट लेव्ही या वकिलाने, ज्याच्याकडे स्वतःची बंदूक कधीच नव्हती. आणि बंदूकहक्कासाठी झगडणारी नॅशनल रायफल असोसिएशन, जिचं मुख्यालय आमच्याच फेअरफॅक्समध्ये आहे, ती सुरुवातीला या खटल्याच्या विरोधात होती! हरलो तर कायमचे हरू, अशी धास्ती.

हेलर जिंकला. पाच विरुद्ध चार. बहुमताचा निकाल अँटोनिन स्कालिया यांचा, मतभेदाचा मुख्य निकाल जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा. दोन्ही मिळून वाचले तर कायद्यापेक्षा व्याकरणाचा वर्ग वाटतो. स्कालियांनी पहिला भाग ‘प्रस्तावना’ आणि दुसरा ‘अंमलाचा’ असं वाक्य फोडलं. अप्पांचं ‘असल्याने’ त्यांनाही मान्य होतं. त्यांचं म्हणणं असं की कारण सांगितलं म्हणून हक्क त्या कारणापुरताच आखडत नाही. हे मला पटतंसुद्धा. सोसायटीच्या नोटिशीत ‘उंदीर वाढल्याने कचरा झाकून ठेवावा’ असं लिहिलं, तर उंदीर दिसेनासे झाल्यावर कचरा उघडा टाकायला कुणी मोकळं होत नाही.

पण घोडं पेंड खातं ते ‘बेअर’ या शब्दावर. ‘कीप’ म्हणजे बाळगणं, हे सरळ. ‘बेअर’ म्हणजे काय? स्कालिया म्हणाले, अंगावर वागवणं, जवळ घेऊन फिरणं. आणि पुरावा म्हणून त्यांनी रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीच दहा वर्षांपूर्वी एका वेगळ्या खटल्यात केलेली व्याख्या काढली. त्या गिन्सबर्ग बाई या खटल्यात त्यांच्या विरुद्ध बाजूला बसलेल्या. (वकिली भाषेत याला काय म्हणतात माहीत नाही, आमच्याकडे याला दात घशात घालणं म्हणतात.) स्टीव्हन्स म्हणाले, ‘बेअर आर्म्स’ हा सुटा शब्द नाही, तो वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ सैनिक म्हणून उभं राहणं.

अप्पा या ठिकाणी थांबले आणि त्यांनी जे काही म्हटलं त्याने माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. “श्रीकृष्णान सांगल्यान, मी शस्त्र हाती धरूचंय नाय. म्हणजे काय? कमरेक सुरी ठेवची नाय, असा म्हणाक होता तेका?”

अगदी हेच. मराठीत शस्त्र हाती धरणं, शस्त्र उचलणं, शस्त्र खाली ठेवणं, यांतल्या कशाचाही वस्तू उचलण्या-ठेवण्याशी संबंध नाही. शस्त्र उचललं म्हणजे लढाईला उतरला. हेलरच्या निकालानंतर भाषेच्या अभ्यासकांनी त्या काळच्या पुस्तकांचे, पत्रांचे, वर्तमानपत्रांचे प्रचंड संग्रह संगणकावर चाळले, तर ‘बेअर आर्म्स’ बहुतेक ठिकाणी सैन्याच्या, युद्धाच्या संदर्भातच सापडलं. स्कालियांच्या बाजूनेही पुरावे आहेत, नाही असं नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या १७७६ च्या घटनेत ‘स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी’ हा हक्क लोकांना दिलाय. ‘स्वतःच्या’ हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. पण मला विचाराल तर शब्दार्थाच्या लढाईत स्टीव्हन्स जिंकले आणि मतांच्या लढाईत हरले.

आणि माझा तो फॉर्म? त्यातलं ‘बेअर आर्म्स’ नि:संशय स्टीव्हन्स यांच्या अर्थाचं. रोझिका श्विमर नावाची हंगेरीहून आलेली युद्धविरोधी बाई होती, पन्नाशीच्या आसपासची. तिने प्रांजळपणे ‘नाही, मी शस्त्र उचलणार नाही’ असं उत्तर दिलं. १९२९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला नागरिकत्व नाकारलं. त्या वयाच्या बाईला कुठलं सैन्य बोलावणार होतं, देव जाणे. १९४६ मध्ये न्यायालयाने तो विचार बदलला आणि आता धर्माने किंवा श्रद्धेने अडत असेल तर शपथेतलं ते कलम गाळता येतं. तर एकाच देशाच्या कागदपत्रांत तेच दोन शब्द शपथेत ‘सैन्यात जाणं’ आणि घटनेत ‘पिस्तूल घेऊन फिरणं’ असे दोन अर्थ घेऊन नांदतायत. अप्पांच्या कचेरीत असा दस्त आला असता तर त्यांनी ‘दुरुस्त करून आणा’ म्हणून परत केला असता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध? मलाही असंच वाटायचं. पण अप्पांनी संविधान सभेचा विषय काढला आणि मी चाट पडले. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला होता! कारण सरळ होतं. १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद, युरोपियनांना मात्र सूट. हा अपमान सगळ्यांना डाचत होता. टिळकांना १९०८ साली मंडालेला धाडलं ते ‘केसरी’तल्या ज्या अग्रलेखांवरून, त्यांतल्या ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’मध्येही शस्त्रबंदीवर झोड आहेच. आणि गांधीजी! इथल्या बंदूकवाल्यांचं ते आवडतं अवतरण आहे. चँटिलीच्या गन शोमध्ये, जिथे टेबलांवर झिप-टायने चाप बांधलेली पिस्तुलं आणि बाजूलाच वाळवलेल्या मांसाच्या पिशव्या विकायला असतात, तिथे एका माणसाने मी भारतीय म्हटल्यावर ते मला ऐकवलं: इंग्रजी राजवटीच्या कुकर्मांत सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सगळ्यात काळा ठरेल. वाक्य गांधीजींचंच आहे. फक्त ते १९१८ साली, पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करताना काढलेल्या पत्रकातलं आहे. शस्त्र कायदा रद्द व्हावा असं वाटत असेल तर सैन्यात या, अशी ती विनवणी. म्हणजे पुन्हा ‘बेअर आर्म्स’, पुन्हा स्टीव्हन्स यांच्याच अर्थाने. त्या माणसाला मी हे सांगितलं नाही. तो प्रेमाने बोलत होता, आणि त्याच्या कमरेला पिस्तूल होतं.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत, मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद, यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला अशी दुरुस्ती मांडली, कराचीच्या ठरावाची आठवण देत. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. कुठल्याही अटकावाशिवाय प्रत्येकाला बाजारात जाऊन शस्त्र विकत घेता आलं तर राज्यकारभार कसा चालेल याची आपल्याला कल्पनाच करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं; आणि आजच्या काळात आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरायला हवा. दुरुस्ती पडली. आज आपल्या एकोणिसाव्या कलमात सभा भरवण्याचा हक्क आहे तो ‘शांततेने व विनाशस्त्र’. दाजींची पोलीस ठाण्यातली पावती त्या दिवशी ठरली म्हणायची.

एक गोष्ट मात्र इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक (मीही त्यांतलीच) हा प्रश्न गोऱ्या, पिकअप ट्रकवाल्या माणसाचा समजतात. १८५७ च्या कुप्रसिद्ध ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टेनी यांनी काळ्या माणसाला नागरिक का मानता येत नाही याची जी कारणं दिली, त्यांत एक हेही होतं: नागरिक मानलं तर ते वाटेल तिथे शस्त्र घेऊन फिरतील! यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांची हत्यारं काढून घेणारे कायदे केले, आणि रात्री घोड्यावरून येणाऱ्या बुरखेवाल्या गोऱ्या टोळ्यांना मोकळं रान मिळालं. १८७८ च्या आपल्या कायद्याची हीच जात. म्हणूनच २०१० मध्ये शिकागोची हँडगनबंदी उलटवणारा अर्जदार ओटिस मॅकडॉनल्ड हा सत्तरी ओलांडलेला, घरात अनेकदा चोऱ्या झालेला काळा आजोबा होता, हे वाचून मला आश्चर्य वाटेनासं झालं. हेलरचा हक्क फक्त केंद्र सरकारविरुद्ध होता. मॅकडॉनल्डने तो राज्यांनाही लागू केला.

२०२२ पर्यंत न्यायालयं एक तोल सांभाळत होती: हक्क एका पारड्यात, लोकांचा जीव दुसऱ्या. त्या वर्षीच्या ब्रूएन निकालाने, सहा विरुद्ध तीन, न्यूयॉर्कचा शतकभर जुना कायदा मोडला. पिस्तूल घेऊन फिरायचं तर खास कारण दाखवा, असं तो म्हणायचा. म्हणजे साधारण आपल्या परवान्यासारखाच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो तराजूच न्यायमूर्ती थॉमस यांनी बाजूला सारला. आजचा निर्बंध टिकायचा तर घटना झाली त्या काळी त्याच्यासारखा काही निर्बंध होता असं सरकारने दाखवायचं. झालं! देशभरचे सरकारी वकील जुन्या गॅझेटांत आणि वसाहतींच्या कायद्यांत मुंडकी घालून बसले. त्या निकालात १३२८ सालच्या इंग्रजी कायद्याचीही चिरफाड आहे.

याचा परिणाम बघा. टेक्सासमध्ये रहिमी नावाच्या माणसावर मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल न्यायालयाचा संरक्षण आदेश होता, आणि असा आदेश असलेल्याने बंदूक ठेवणं केंद्रीय गुन्हा आहे. पण अठराव्या शतकात बायकोला मारल्याबद्दल कोण कुणाची बंदूक काढून घेत होतं? म्हणून खालच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. तर्क शुद्ध, निष्कर्ष भयानक. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, आठ विरुद्ध एक, तो फिरवला. इतिहासात तंतोतंत जुळं नको, तत्त्व जुळलं की पुरे, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले. विरोधातला एक म्हणजे थॉमस, ज्यांनी ती फूटपट्टी बनवली तेच. रेवाला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तेव्हाच्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता त्यांनाच विचारायचं?” बारा वर्षांच्या मुलीपुढे मी गप्प बसले.

ब्लॉगवर मला कायद्याबद्दलच लिहायचं होतं, पण या गावात राहून ते तेवढ्यावर थांबत नाही. व्हर्जिनिया टेक हे विद्यापीठ याच राज्यात आहे. १६ एप्रिल २००७ ला तिथे बत्तीस जण मारले गेले. त्यांत सिव्हिल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक लोगनाथन होते आणि मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगीही होती. रेवाच्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल असतं. दिवे बंद, दाराला कुलूप, कोपऱ्यात मांडी घालून बसायचं, बोलायचं नाही. पहिल्यांदा ती घरी येऊन म्हणाली, “माझ्या बुटातला दिवा चमकत होता म्हणून टीचरने तो काढायला सांगितला.” ते चमकणारे बूट पुन्हा शाळेत गेले नाहीत.

आणि दुसऱ्याच्या घरी मुलीला खेळायला पाठवताना विचारायचा तो प्रश्न. घरात बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे का? इथे बालरोगतज्ज्ञसुद्धा विचारा म्हणून सांगतात. कुत्रा आहे का, शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का, या प्रश्नांच्या मध्ये तो सरकवायचा असं मी ठरवलं होतं. समोरच्या घरातले आजोबा, सैन्यातून निवृत्त झालेले. मी त ते प करत विचारलं तर ते जरासुद्धा रागावले नाहीत. मला तळघरात घेऊन गेले, कपाटाएवढी लोखंडी तिजोरी दाखवली, हँडल ओढून बंद असल्याची खात्री करून दिली आणि म्हणाले, हे विचारणारी तू पहिली नाहीस, आणि न विचारणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. दर निवडणुकीत त्यांच्या अंगणात बंदूकहक्काची पाटी असते. रेवा अजून त्यांच्या नातीकडे खेळायला जाते. या माणसाला मूर्ख किंवा क्रूर ठरवून मला गावाकडच्या प्रश्नाचं सोपं उत्तर देता येत नाही, हीच माझी अडचण आहे.

आमच्या ओळखीच्या मराठी मंडळीतही आता दोन-तीन घरांत पिस्तूल आहे. ग्रीन कार्ड असलं की ते घेता येतं. व्हिसावर असाल तर सहसा नाही, पण गंमत म्हणजे शिकारीचा परवाना काढलात तर चालतं! पाणीपुरीच्या रांगेत एकाने मला ही पळवाट इतक्या उत्साहाने समजावून सांगितली की जणू टॅक्स वाचवायची युक्ती.

शपथेच्या दिवशी मी उजवा हात वर करून ते दोन शब्द म्हटले. ‘हो’वर खूण केली होतीच. दारात मात्र मशीनमधून जाताना पर्समधली नेलकटर काढून ठेवावी लागली.

अप्पा परत जाऊन बरेच दिवस झाले, पण विषय त्यांनी सोडलेला नाही. दर रविवारी व्हॉट्सअॅपवर चौकशी असते. पोटोमॅक नदी ओलांडली की मेरीलँड. कनेक्टिकटमधल्या सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं मारली गेली त्यानंतर, २०१३ मध्ये, मेरीलँडात एआर-१५ जातीच्या रायफलींवर बंदी आली. रिचमंडच्या अपील न्यायालयाने ती टिकवली. २ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचं अपील ऐकायला नकार दिला. तीन न्यायमूर्तींना ते ऐकायचं होतं. चौथा असता तर ऐकलं गेलं असतं. चौथे होऊ शकले असते ते न्यायमूर्ती कॅव्हनॉ. त्यांनी नकाराला साथ दिली, पण सोबत लिहून ठेवलं की या रायफलींचा प्रश्न न्यायालयाने लवकरच, पुढच्या एक-दोन सत्रांत, घ्यायला हवा.

हे मी अप्पांना फोनवर सावकाश समजावून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मागे दाजींचा आवाज येत होता, ते डुकरांबद्दल कुणाशी तरी बोलत होते.

“म्हणजे निकाल नाय लागूक,” अप्पा म्हणाले. “तारीख पडली म्हण.”